भिंतीवरची बंद पाटी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २६ जानेवारी रोजी झेंडावंदनानंतर झालेल्या कार्यक्रमात, संस्थेचे माजी खजिनदार व निवृत्त बँक अधिकारी यांनी केलेले भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला समितीने विषय दिला होता, 'संस्थेची पंचवीस वर्षांची आर्थिक वाटचाल'. पण ते सगळे आकडे ऑडिट रिपोर्टमध्ये आहेत आणि स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर छापूनही येणार आहेत. ते वाचून दाखवले तर अर्धे लोक झोपतील आणि उरलेले अर्धे पार्किंगच्या आकाराबद्दल प्रश्न विचारतील. म्हणून मी त्या पंचवीस वर्षांतली एकच नोंद घेऊन बोलणार आहे. ती माझ्या सहीची आहे आणि बरीच वर्षं मला तिची लाज वाटत होती.

सन २०१७. जुना इंटरकॉम पार खराब झाला होता. एका फ्लॅटचं बटण दाबलं की दुसऱ्याच फ्लॅटमध्ये वाजायचं. तेव्हा आपण प्रत्येक घरात दाराशेजारी भिंतीत बसवायचा सात इंची टच स्क्रीन घेतला. गेटवर कोण आलंय ते दिसणार, वॉचमनशी बोलता येणार, सोसायटीच्या नोटिसा घरात येणार, आणि कोपऱ्यात एक लाल बटण, अडचणीच्या वेळी दाबायचं. फ्लॅटमागे साडेअकरा हजार रुपये. ४८ फ्लॅट. म्हणजे पाच लाख बावन्न हजार. जनरल बॉडीने ठराव केला, तीन कोटेशनं मागवली, सगळं नियमात झालं. चेकवर दुसरी सही माझी.

तीन वर्षं ते चाललं. मग पुरवठादार कंपनीचा फोन लागेना, पुढे तो नंबरच बंद झाला. एक दिवस सगळ्यांच्या स्क्रीनवर एक गोल फिरायला लागला आणि खाली ओळ आली, 'सर्व्हरशी संपर्क होत नाही'. तो गोल कित्येक महिने फिरत होता. आपल्यापैकी कित्येकांनी त्या स्क्रीनवर खिळा ठोकून कालनिर्णय लटकवलं. माझ्या घरातही लटकवलं होतं, खोटं कशाला बोलू. कॅलेंडरचं पान उलटताना मागे तो गोल दिसायचा आणि मला माझी सही दिसायची.

तरीही लाज वाटली ती पैशांची नाही. पैसे बुडतात, बँकेत सदतीस-अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला ते नवीन नाही. लाज वाटली ती एका पावसाळ्यातल्या गोष्टीने. ए विंगमधल्या एक आजी घरात एकट्या होत्या. ओल्या फरशीवरून घसरल्या. मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला. त्या कशाबशा सरकत दारापर्यंत आल्या, कॅलेंडर बाजूला केलं आणि ते लाल बटण दाबलं. एकदा नाही, बऱ्याच वेळा. शेवटी त्यांनी पितळी तांब्या दारावर आपटला तेव्हा समोरच्यांना ऐकू गेलं. हाड मोडलं नव्हतं, देवाची कृपा. मी भेटायला गेलो तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, बटण दाबलं हो, पण कुणी आलंच नाही."

आपण त्यांच्या घरात एक बटण लावून ठेवलं होतं आणि ते खोटं होतं. बटण नसतं तर त्या आधीच तांब्याकडे गेल्या असत्या.

आता हे असं आपल्या खडवलीतच झालं असं समजू नका. अमेरिकेत रिव्हॉल्व नावाचं घरातली यंत्रं चालवायचं एक उपकरण होतं, किंमत सुमारे तीनशे डॉलर. ती कंपनी नेस्टने विकत घेतली, आणि १५ मे २०१६ पासून ते उपकरण बंद. लोकांच्या घरात वस्तू तशीच, पण तिचा प्राण दुसरीकडे होता, तो काढून घेतला. २०२२ च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन नावाच्या कंपनीचे सर्व्हर काही न कळवता बंद झाले. तिथे मात्र गंमत झाली. पुढे जूनमध्ये तिच्या काही ग्राहकांनीच एकत्र येऊन कंपनी विकत घेतली आणि सेवा पुन्हा सुरू केली. म्हणजे सहकारच झाला की हो तो!

आपण काय कंपनी विकत घेणार नव्हतो. गेल्या वर्षी समितीपुढे नव्या यंत्रणेचं कोटेशन आलं, सात लाखांच्या वर. मी माजी खजिनदार म्हणून मागे बसलो होतो. मी हात वर करून म्हटलं, मला दोन महिने द्या, तोवर चेक काढू नका. हे म्हटलं खरं, पण मला स्वतःला त्यातलं काही कळत नव्हतं.

कळणारी व्यक्ती आपल्याच सी विंगमध्ये निघाली. डिप्लोमा करणारी मुलगी, रोज टिटवाळ्यानंतर बसायला जागा मिळते म्हणून लोकलमध्ये अभ्यास करते. तिचं नाव घ्यायचं नाही ही तिची अट आहे, म्हणून घेत नाही. ती इथेच बसली आहे आणि आता खाली बघते आहे.

तिने माझ्या घरातलं कॅलेंडर काढलं, स्क्रीन बघितला आणि म्हणाली, "आजोबा, हा साधा अँड्रॉइड टॅब्लेटच आहे. कंपनीने वर आपलं एकच अ‍ॅप बसवलंय आणि बाकी सगळं झाकलंय."

मी म्हटलं, "मग ते रूट का काय म्हणतात ते करायचं का?" माझ्या नातवाकडून शब्द ऐकला होता, तेवढीच अक्कल पाजळली.

ती म्हणाली, "नको. कुलूप फोडायच्या आधी कडी कुठे आहे ते बघू."

हे रूट प्रकरण माझ्या भाषेत सांगतो. बँकेतला लॉकर दोन किल्ल्यांनी उघडतो, एक बँकेची आणि एक ग्राहकाची. ग्राहकाने आपली किल्ली हरवली की लॉकर ड्रिल करावा लागतो. माणूस बोलवा, साक्षीदार बसवा, पंचनामा करा. आपल्या स्क्रीनमध्येही तसंच आहे. सर्वांत आतली किल्ली बनवणाऱ्याकडे असते. ती हातात नसताना जबरदस्तीने मिळवणं म्हणजे रूट करणं. त्यात स्क्रीन कायमचा निकामी होऊ शकतो. शिवाय त्यासाठी कुणा अनोळखी माणसाने बनवलेली फाइल आत सोडावी लागते. या स्क्रीनला कॅमेरा आहे, माइक आहे, आणि तो आपल्या बैठकीच्या खोलीत आहे. अनोळखी माणसाला मी तिथे बसू देणार नाही. पण वापरणाऱ्याची म्हणून एक किल्ली अँड्रॉइड मुळातच देतो, आणि ती आपण कधी वापरूनच पाहिली नव्हती.

आमची कडी कुठे सापडली? त्या फिरणाऱ्या गोलाच्या खाली बारीक अक्षरात 'नेटवर्क तपासा' असं बटण होतं. ते दाबलं की अँड्रॉइडचंच वाय-फायचं पान उघडायचं. त्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात बाण. बाण दाबला की पूर्ण सेटिंग्ज समोर! चार वर्षं दार उघडं होतं आणि आम्ही त्यावर कालनिर्णय लावलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. सेटिंग्जमध्ये 'अबाउट' या पानावर 'बिल्ड नंबर' असतो. त्यावर सात वेळा बोट मारायचं. सातव्यांदा स्क्रीन म्हणतो, आता तुम्ही डेव्हलपर झालात. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला मिळालेली ही पदवी! मग 'यूएसबी डिबगिंग' सुरू करायचं. इलेक्ट्रिशियनकडून मेन बंद करून स्क्रीन भिंतीतून सैल करायचा, मागच्या यूएसबीच्या छिद्रात लॅपटॉपची केबल लावायची आणि मग वीज पुन्हा चालू करायची. लॅपटॉपवर एडीबी नावाचं साधन लागतं, गुगलच ते फुकट देतं. जोडल्यावर स्क्रीन स्वतः विचारतो, 'या संगणकाला परवानगी द्यायची का?' आपण हो म्हणायचं. इथे कुठेही चोरी नाही, सगळं विचारून चाललंय.

त्या वाटेने दोन गोष्टी केल्या. एक, फुल्ली किऑस्क नावाचा ब्राउझर टाकला. तो एकच पान पूर्ण स्क्रीनभर दाखवत राहतो आणि वीज जाऊन आली की आपोआप तेच पान उघडतो. दोन, कंपनीचं जुनं अ‍ॅप निष्क्रिय केलं. पुसलं नाही हं, नुसतं झोपवलं. मी तिला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, चुकलं तर रिव्हर्सल एंट्री आहे का? ती म्हणाली, आहे. फॅक्टरी रिसेट केलं की सगळं मूळ जागी. मग मी म्हटलं, कर.

पहिला स्क्रीन चालू झाला तेव्हा त्यावर तारीख आली १ जानेवारी १९७०, वेळ पहाटे साडेपाच. मी घाबरलो. १९७० साली मी कॉलेजात होतो. ती हसायला लागली. म्हणाली, ही यंत्रं काळ मोजायला तिथूनच सुरुवात करतात, ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून, आणि आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. आतली छोटी बॅटरी संपली असली की वीज गेल्यावर ते तिथेच परत जाऊन बसतं. यात एक खरी अडचण होती. तारीख चुकलेली असली की इंटरनेटवरची सुरक्षित पानं उघडतच नाहीत. स्क्रीनला वाटतं, त्या पानाचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. आणि जुन्या अँड्रॉइडला नवी प्रमाणपत्रं ओळखतासुद्धा येत नाहीत.

यावर तिने जो उपाय काढला, तोच या सगळ्यातला खरा धडा आहे. ती म्हणाली, मग बाहेर जायचंच कशाला?

आपल्या सोसायटीच्या ऑफिसात एक सेकंडहँड छोटा संगणक ठेवला. २०१७ साली प्रत्येक घरात ओढलेली लॅन केबल अजून शाबूत होती. पान त्या संगणकावर, घरातले स्क्रीन तेच पान बघतात, आणि वेळही त्याच्याकडूनच घेतात. बाहेरचा सर्व्हर नाही, कंपनी नाही, महिन्याचं भाडं नाही. इंटरनेट बंद पडलं तरी आपलं चालू. संगणक आणि त्याचा स्विच दोन्ही इन्व्हर्टरवर. घरातल्या स्क्रीनची वीजही ऑफिसातल्या सप्लायवरून येते, त्यामुळे लाइट गेली तरी ते काही तास जागे राहतात.

मंडळी, १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर आमच्या बँकांत संगणक शिरले. लेजर पोस्टिंगची मशीनं आली. आमचे तेव्हाचे मॅनेजर रोज संध्याकाळी सगळ्या खात्यांचे बॅलन्स कागदावर छापून घ्यायला लावायचे. आम्ही कुरकुर करायचो, मशीन असताना कागद कशाला? ते म्हणायचे, मशीन बंद पडलं तरी उद्या दहा वाजता काउंटर उघडला पाहिजे. हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं, पुढे मॅनेजर झाल्यावर दुसऱ्यांना ऐकवलं, आणि २०१७ साली स्वतःच्या सोसायटीचा चेक फाडताना विसरलो. पुरवठादाराला मी वॉरंटी विचारली, जीएसटी विचारला, हप्ते विचारले. 'तुमचा काउंटर बंद झाला तर आमचा उघडेल का' हे विचारलं नाही.

आता हिशेब. हिशेबाशिवाय मला खाली बसता येत नाही. ४८ पैकी ३१ स्क्रीन आज चालू आहेत. ५ आतून जळाले होते, ते अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे दिले, पावती ऑफिसात आहे. ३ घरांनी नको म्हटलं, त्यांची मर्जी. आणि ९ स्क्रीन उघडलेच नाहीत. ते नंतरच्या खेपेचे होते, त्यात 'नेटवर्क तपासा' हे बटणच नाही. तिथे रूट करून बघा असं दोघा-तिघांनी सुचवलं. समितीने नाही म्हटलं आणि ते बरोबर केलं असं माझं मत आहे. त्या नऊ घरांत सध्या साधी वायरलेस बेल दिली आहे, ती वॉचमनच्या केबिनमध्ये वाजते. एकूण खर्च चौदा हजार दोनशे. गेटवरचा कॅमेरा मात्र घरात दिसत नाही. तो फक्त कंपनीच्या सर्व्हरशीच बोलायचा, त्याला आपली भाषा येत नाही. तेव्हा सगळं पूर्वीसारखं झालं असा दावा मी करत नाही.

पानावर काय आहे ते तुम्ही रोज बघताच. पाण्याची वेळ, सोसायटीची नोटीस, डॉक्टर आणि अ‍ॅम्ब्युलन्सचे नंबर, कसारा-आसनगाव गाड्यांच्या वेळा. टिटवाळ्याला संपणाऱ्या गाड्या त्यात मुद्दाम घातलेल्या नाहीत, उगाच जीव जळतो. पावसाळ्यात भातसा धरणातून पाणी सोडण्याची सूचना आली की सेक्रेटरी ती लाल अक्षरात टाकतात. ऑगस्ट २०१९ चा पूर आपण विसरलेलो नाही. आपल्या शेजारच्या जू-नांदखुरीतल्या लोकांना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं होतं. अशा दिवशी मोबाइलची रेंज जाते, तेव्हा भिंतीवरची पाटी कामाला येते.

आणि खाली ते लाल बटण. दाबलं की वॉचमनच्या केबिनमध्ये घंटा वाजते आणि फ्लॅट नंबर मोठ्या आकड्यात येतो. त्याने 'बघितलं' दाबलं की आपल्या घरात अक्षरं येतात, 'वॉचमन येत आहे'. एका मिनिटात त्याने काही केलं नाही, तर समितीच्या चार जणांच्या घरी वाजतं. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी अकरा वाजता आपण एका विंगमध्ये ते दाबून बघतो आणि रजिस्टरमध्ये सही करतो. ही सही चुकवू नका. न तपासलेलं बटण म्हणजे पुन्हा तेच खोटं बटण.

सहा महिन्यांत ते पुष्कळदा वाजलं. बहुतेक वेळा समोर बसलेल्या बालमित्रांनी वाजवलं. खरं कारण दोनदाच होतं. एकदा गॅसचा वास येत होता, तर रेग्युलेटर नीट बसला नव्हता. दुसऱ्यांदा रात्री दोन वाजता एका घरात दम लागल्याचा त्रास झाला. वॉचमन वर गेला, शेजाऱ्यांची गाडी निघाली, कल्याणला वेळेत पोहोचले. ते गृहस्थ आज पहिल्या रांगेत आहेत. त्यांनी मला सांगितलंय की माझं नाव घेऊन टाळ्या मागू नका, म्हणून मागत नाही.

तीन सूचना, बँकवाल्याची सवय म्हणून. एक, या स्क्रीनवर कुणीही बँकेचं, यूपीआयचं किंवा ईमेलचं काही उघडू नका. जुना अँड्रॉइड आहे, त्याला सुरक्षेची डागडुजी मिळणं कधीच थांबलंय. म्हणूनच तो बाहेरच्या इंटरनेटला जोडलेला नाही. दोन, कॅमेऱ्यावर आपण चिकटपट्टी लावली आहे, ती काढू नका. तीन, हे बघून उत्साहाने घरातला जुना मोबाइल किंवा टॅब भिंतीवर कायम चार्जिंगला लावून ठेवू नका. त्यात लिथियमची बॅटरी असते, ती फुगते. आपल्या स्क्रीनमध्ये ती मोठी बॅटरी नाही, म्हणून ते चाललं.

आणि पुढच्या समितीसाठी चार प्रश्न लिहून ठेवतो. सोलर घ्या, लिफ्टचं कार्ड घ्या, कॅमेरे घ्या, चेक काढण्याआधी हे विचारा. इंटरनेट बंद असताना हे चालतं का? तुमची कंपनी बंद झाली तर काय? मुख्य पासवर्ड सेक्रेटरीच्या बंद पाकिटात मिळणार का? आणि दुसऱ्या कुणाचं यंत्र या वायरींवर चालेल का? उत्तरं लेखी घ्या. डिसेंबर २०२२ पासून केंद्र सरकारचं राइट टू रिपेअर पोर्टलही आहे, दुरुस्तीबद्दल काही कंपन्यांची माहिती तिथे मिळते. पण आधी विचारलेला प्रश्न नंतरच्या तक्रारीपेक्षा स्वस्त पडतो.

शेवटचं. चालू झालेल्या स्क्रीनमध्ये दुसरा स्क्रीन त्या ए विंगमधल्या आजींचा होता. मी स्वतः गेलो होतो. बसवून झाल्यावर त्यांना म्हटलं, "आजी, आता दाबून बघा." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच दाबा." मी दाबलं. खालून जिन्यावर वॉचमनच्या चपलांचा आवाज यायला लागला. तो दारात येईपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही.

कालनिर्णय आता त्यांनी स्वयंपाकघरात लावलंय. पितळी तांब्या मात्र अजून दारापाशीच ठेवतात. मी म्हटलं, राहू द्या. बॅकअप हवाच.